झेंडेवालीची साक्ष

समोर चकलीची थाळी ठेवून हा अंक वाचायला घेतला असेल, तर आधी चकली संपवा. मी एकतीस वर्षं सिल्वासात झुरळं मारली. मला लिहायचं आहे ते त्याविषयीच, कारण दुसरं काही येत नाही. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "आपण कशात असता?" तर मी "कंपन्यांची कामं बघतो" असं मोघम सांगतो. आमची ही शेजारून लगेच म्हणते, "झुरळं मारतात." मग समोरच्याचा जिलबीचा हात तिथल्या तिथे थांबतो, आणि मला उगाच वाटत राहतं की जिलबी मीच वाढली होती.

धंदा समजायला सोपा आहे. झुरळं मुख्यतः दोन. एक बारकं, तपकिरी. ते फ्रिजच्या मागे, मिक्सरच्या पोटात संसार करतं. त्याला विषारी जेलचा मोहरीएवढा ठिपका पुरतो. दुसरं मोठं, लालसर, गटाराच्या चेंबरातून वर येणारं आणि वेळ आली तर उडणारं. ते उडालं की घरातला कर्ता पुरुष खुर्चीवर चढतो आणि आम्हाला फोन येतो.

या मोठ्या झुरळाची मादी अंडी सुटी घालत नाही. राजम्याच्या दाण्यापेक्षा लहान, काळपट तपकिरी अशी एक टणक पिशवी तयार करते आणि पोत्याच्या घडीत, पुठ्ठ्याच्या खाचेत चिकटवून जाते. पिशवीला वरच्या कडेने दातेरी शिवण असते, बायकांच्या पर्सला चेन असते तशी. आत दोन रांगांत चौदा-पंधरा अंडी. आमचं औषध या पिशवीच्या आत जात नाही. म्हणून शहाणा पेस्ट कंट्रोलवाला दुसऱ्यांदा येतो. गिऱ्हाइकाला वाटतं, पहिल्यांदा काम नीट केलं नाही म्हणून आला.

गिऱ्हाइकाला पटवणं हेच खरं काम. झुरळ मेलं की कपाटाखाली मरतं, दिसत नाही. म्हणून मी एक पद्धत काढली होती. सापडतील तेवढ्या पिशव्या वेचायच्या, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरायच्या, वर जाळीचं फडकं बांधायचं आणि बरणी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "बघा, एवढी पुढची पिढी उचलली." माणूस बरणी हलवून बघायचा, खुळखुळ वाजायची, आणि त्याचा विश्वास बसायचा. या पद्धतीचा मला फार अभिमान होता. तिनेच माझं वाटोळं केलं, पण ते पुढे.

माझ्या चुका लिहायच्या तर या अंकाला पुरवणी काढावी लागेल. एक व्यापारी कुटुंब होतं, त्यांच्यात जीव मारत नाहीत. "फक्त बाहेर घालवा," म्हणाले. मी दोन दिवस खपून झुरळं जिवंत धरली, डब्यात भरली आणि लांबच्या एका इमारतीमागे सोडली. पंधरा दिवसांनी त्या इमारतीचा फोन आला. तिचं कामही माझ्याकडेच होतं, हे सोडताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणखी एक, आणि ती विसरू नका, कारण पुढे लागेल. सरकारी क्वार्टरमध्ये परब नावाचे कोकणातले साहेब राहायचे. त्यांच्या मोरीत फवारणी करून मी निघालो होतो, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. बघतो तर एक मोठं झुरळ फरशीवरून शांतपणे चालत होतं. पळत नव्हतं. त्याच्यापुढे एक हिरवीगार, दागिन्यासारखी चकाकणारी माशी होती, आणि तिने झुरळाची मिशी तोंडात धरली होती. बैलाची वेसण धरून त्याला गोठ्याकडे न्यावं तसं ती त्याला भिंतीच्या भोकाकडे नेत होती, आणि तेही मुकाट जात होतं. असलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "हे काय हो?" आणि गिऱ्हाइकासमोर "माहीत नाही" म्हणायचं नसतं, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "साहेब, हा आपल्या नव्या औषधाचा गुण. झुरळ आपल्या पायाने बाहेर जातं." साहेब इतके खूश झाले की त्यांनी मला आणखी तीन क्वार्टर मिळवून दिली. तिथे एकही झुरळ आपल्या पायाने बाहेर गेलं नाही. मी वाट बघायचो, पण नाही.

आता राखोलीची गोष्ट.

राखोलीला नदीकडच्या अंगाला धागा बनवणारी एक कंपनी होती. तिचं कॅन्टीन रामदास आबा चालवायचे. आबा चोपड्याकडचे, मी पारोळ्याकडचा, म्हणजे सिल्वासाच्या हिशोबाने सख्खे भाऊच. कंपनीत धुळे-जळगावची पोरं पुष्कळ. त्यांच्यासाठी आबा गुरुवारी शेवभाजी करायचे आणि थंडीत वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. दुसऱ्या पाळीची पोरं ड्युटी नसताना जेवायला यायची, यातच काय ते आलं. आबांच्या हाताखाली सामरवरणीच्या ज्योत्स्नाबेन होत्या. भाज्या चिरायच्या, भाकऱ्या थापायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप काढायच्या.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांच्या कढीत झुरळ निघालं. साहेबांनी आबांना बोलावून एवढंच सांगितलं की पाच आठवड्यांनी मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी आहे. त्यात कॅन्टीनच्या नावापुढे झुरळ लिहिलं गेलं, तर कॅन्टीन बाहेरच्या केटररला जाईल. आबांचं वय तेव्हा छप्पन्न. उजवा गुडघा गेलेला. त्यांनी मला बोलावलं आणि चहा पुढे करून म्हणाले, "भाऊ, या वयात मी दुसऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटू का?"

मी छाती ठोकून सांगितलं, "आबा, पाच आठवड्यांत इथे औषधाला झुरळ सापडणार नाही." वाक्य चुकलं होतं, पण भावना बरोबर होती.

कॅन्टीनच्या मागे चेंबर होतं. झाकण उचललं आणि मी ते परत ठेवलं. मग श्वास घेऊन पुन्हा उचललं. तिथे जोरदार फवारणी केली. धान्याच्या कोठीत पोती भिंतीला लागून रचलेली होती, ती हलवली. पोत्यांच्या घड्यांतून आणि जुन्या पुठ्ठ्यांतून पिशव्या वेचल्या आणि बरणी अर्धी भरली. बरणी आबांच्या टेबलावर ठेवली, कुपनांच्या डब्याशेजारी. मॅनेजरसाहेब येऊन बघून गेले, मान डोलावून गेले. माझी पद्धत पुन्हा लागू पडली होती.

पंधरा-सोळा दिवसांनी सकाळीच आबांचा फोन. "निंबाभाऊ, तुन्या बाटलीमा काहीतरी उडी ऱ्हायनं." आबा घाबरले की अहिराणीत शिरायचे.

मी गेलो. बरणीत पाच-सहा काळ्या माश्या होत्या. म्हणजे माश्या नव्हेत. गांधीलमाशीच्या जातीचं काहीतरी, पण बुटकं, लांब पायांचं, लांबून कोळ्यासारखं वाटणारं. पोट म्हणाल तर मिरीच्या दाण्याएवढं, बाजूने चपटं, बारीक दांडीवर बसवलेलं. आणि ते पोट प्रत्येक माशी वर-खाली, वर-खाली हलवत होती, प्रभातफेरीत पोरं झेंडा हलवतात तशी.

जाळीचं फडकं जिथल्या तिथे होतं. बाहेरून काही आत जाणं शक्य नव्हतं. आत मी झुरळाच्या पिशव्या भरल्या होत्या आणि आतून हे निघालं होतं.

इतक्या वर्षांच्या अनुभवावर मी तीन निष्कर्ष काढले. पहिला, कंपनीतल्या पोरांनी माझी चेष्टा केली आहे. दुसरा, माझ्या औषधाने झुरळाची जात पालटली आहे आणि हे मी कोणाला सांगता कामा नये. तिसरा असा की काल मला ताप होता. तिन्ही निष्कर्ष मी आबांना सांगितले. आबा म्हणाले, ताप आता पण दिसतो.

त्यात ज्योत्स्नाबेननी खिडकीकडे बोट केलं. काचेवर तसल्याच आणखी सात-आठ. सगळ्या झेंडे हलवत होत्या. झुरळं जेमतेम आटोक्यात येत होती आणि आता हे नवीन संकट. मी वापीला आमच्या पेस्ट कंट्रोल कंपनीच्या शेठना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर शेठ म्हणाले, "उडतंय ना? मग फवार. एवढ्यासाठी फोन कशाला?"

मग मी फवारलं. काचा, कोठी, बरणीसुद्धा. खाली पडलेल्या झेंडेवाल्या मी झाडूने गोळा केल्या आणि बरणी पिशव्यांसकट मागे नेऊन जाळली. आबांना म्हणालो, "आता दोन्हींपासून सुटका."

ज्योत्स्नाबेन परात घासत होत्या. म्हणाल्या, "त्या बिचाऱ्या काळ्यांना कशाला मारलं साहेब? त्या तर पाकिटावर बसतात ने."

मी विचारलं, कसलं पाकीट? त्या म्हणाल्या, तुम्ही वेचता ती पाकिटं. रोज बसतात. तासतास बसतात. मी त्यांना समजावलं की आम्ही या लाईनमध्ये इतकी वर्षं आहोत. त्या म्हणाल्या, "हो ने, म्हणून तर." आणि परात घासू लागल्या.

हे 'म्हणून तर' मला घरी गेल्यावरही टोचत राहिलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो, झुरळं अडकायला लावलेल्या चिकट पट्ट्या बघायच्या निमित्ताने. कोठीत गुडघ्यावर बसलो. बॅटरी लावली. पोत्याच्या शिवणीत एक पिशवी माझ्या नजरेतून सुटलेली होती आणि तिच्यावर एक काळी बसली होती. एवढ्या फवारणीतून ही कशी वाचली कोण जाणे. झेंडा हलत नव्हता. पोट पिशवीला टेकवून ती अगदी स्थिर बसली होती. पाऊण तास मी तिच्याकडे बघत होतो. माझा पाय झोपला, ती हलली नाही. आबा दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला, आजाऱ्यापाशी ठेवतात तसा.

मग मी पुन्हा पिशव्या वेचल्या आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून ब्लेडने एकेक चिरली. आयुष्यभर हजारो वेचल्या असतील, पण आत डोकावण्याची बुद्धी कधी झाली नव्हती. पहिलीत दोन रांगांत अंडी, तुरीच्या शेंगेत दाणे असतात तशी. दुसरीत तेच. तिसरीत अंडं एकही नाही. एकच गुबगुबीत पांढरी अळी, पिशवीच्या मापाची, खाऊनपिऊन सुस्त. चौथी रिकामी, पण शिवण शाबूत. एका टोकाला मात्र गोल भोक, दाभणाने पाडल्यासारखं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झुरळाची पिल्लं बाहेर येतात ती शिवण उघडून, पर्स उघडावी तशी. भोक पाडून बाहेर येते ती झेंडेवाली. ती पिशवीत आपलं एक अंडं घालते, तिची अळी झुरळाची सगळी अंडी खाते. आमचं औषध ज्या पिशवीच्या आत जात नाही, तिच्या आत ही बया जाते. म्हणजे जे काम मला एकतीस वर्षांत जमलं नाही, ते करणारीला मी फवारून, झाडून, जाळून टाकलं होतं. आणि वर तिची पोरं असलेली बरणीसुद्धा.

आबांना सांगितलं. आबा त्या पांढऱ्या अळीवर वाकले. म्हणाले, "म्हंजे झुरळं मारासाठे आता माश्या पाळूत का?"

तपासणीला पंधरवडा उरला होता. मी आतली फवारणी बंद केली. चेंबरच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवल्या, पाइपांना जाळ्या लावल्या, पोती भिंतीपासून हातभर लांब फळ्यांवर रचून घेतली. उरलेल्या पिशव्या वेचून नव्या बरणीत भरल्या. बरणीला फडकं बांधलं नाही. तिच्या काठाला आतून व्हॅसलिन फासलं, म्हणजे झुरळाची पिल्लं निघाली तर घसरून आत पडतील आणि झेंडेवाली निघाली तर उडून कामाला लागेल. व्हॅसलिन ज्योत्स्नाबेनच्या टाचांचं होतं. बरणी कोठीच्या मागच्या कोनाड्यात ठेवली. आबा तिला 'प्रसूतिगृह' म्हणायचे, पण हसून नाही. कोनाड्यापासून परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "भाऊ, तुन्यावर सोडेल शे सगळं." एवढा भार कोणी टाकला की माणसाने गप्प राहायला शिकावं. मी शिकलो नाही.

घरी मी हवेत होतो. मोठा शोध लावल्याची माझी खात्री होती. मुलगी पूनम कंपनीतून आली, तिला सगळं सांगितलं. तिने जेवता जेवता फोनवर शोधलं आणि म्हणाली, "पप्पा, ये तो सबको पता है. हिचं नाव आहे, फोटो आहेत. जगभर असते ही."

मी विचारलं, केव्हापासून माहीत आहे लोकांना?

"तुमच्या आधीपासून."

मग तिने आणखी एक दाखवलं. हिरवीगार, दागिन्यासारखी माशी, झुरळाची मिशी धरून चाललेली. ती म्हणे झुरळाच्या डोक्यात नेमक्या जागी डंख मारते. मग त्याची पळायची इच्छाच मरते, पाय शाबूत असूनही. ती त्याला चालवत बिळात नेते, त्याच्यावर अंडं घालते आणि दार खड्यांनी बुजवते. मला परब साहेब आठवले. त्यांना फोन करून खरं सांगावं असं फार वाटलं. नंबर काढला. पण काय सांगणार? साहेब, ते औषध माझं नव्हतं, त्या बाईंचं होतं?

तपासणीचा दिवस उजाडला. चिकट पट्ट्यांवर आठवडाभर एक झुरळ नव्हतं. सिमेंटने गेलं की झेंडेवालीने, की पहिल्या फवारणीने, हे मला आजही सांगता येणार नाही. आबांनी नवा पांढरा सदरा घातला होता. तपासणीला आलेल्या मॅडम निघाल्या पुण्याकडच्या. डोक्याला जाळी, हातात तक्ते लावलेली पाटी. बोलायला शांत. त्यांनी कोठी बघितली, पोती बघितली, पाइपांच्या जाळ्या बघून "छान" म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांचा चेहरा मोकळा झाला. आबांनी ज्योत्स्नाबेनना चहा टाकायची खूण केली. सगळं आटोपलंच होतं.

आणि खिडकीच्या काचेवर एक काळी येऊन बसली. झेंडा हलवू लागली. वर-खाली, वर-खाली.

मॅडमनी सहज विचारलं, "ही कसली माशी?"

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता एकतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना काय काय सांगत आलो होतो: बाहेरून आली, हवा बदलली, शेजाऱ्यांची आहे. त्यातलं कुठलंही चाललं असतं. "बागेतली आहे, चावत नाही," एवढं पुरलं असतं, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच मला एका प्रश्नाचं खरं उत्तर येत होतं. ते पोटात राहीना.

मी म्हणालो, "मॅडम, ही साधी माशी नाही. ही झुरळाच्या पिशवीत अंडं घालते. हिची अळी आतली सगळी अंडी खाते. दुसरं काही हिची अळी खातच नाही."

मॅडमनी पाटी पुन्हा वर घेतली. "म्हणजे इथे झुरळं आहेत."

आतमध्ये चहा उकळल्याचा आवाज येत होता. मी सावरायला गेलो. "होती, मॅडम. म्हणजे आता नाहीत. म्हणजे थोडी कुठेतरी असावीत. हिला लागतात ना."

आबांनी डोळे मिटले. मॅनेजरसाहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच काचेवर बसलोय. मॅडमनी लिहिलं. किती लिहिलं ते दिसलं नाही, पण एका ओळीपेक्षा जास्त होतं. जाताना त्या मला म्हणाल्या की माहिती चांगली दिलीत. त्यांना ती खरोखर आवडली होती. मला मात्र कळेना, मी थँक्यू म्हणावं की पाया पडावं.

मागच्या कोनाड्यातली बरणी मग आबांनी आणि मी मिळून बघितली. एका पिशवीला ताजं गोल भोक होतं. म्हणजे साक्षीदार मीच जन्माला घातली होती, मीच कोठीत सोडली होती, आणि तिची साक्षही मीच वाचून दाखवली होती.

आबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते बरणीचं तोंड पुसत नुसते म्हणाले, "निंबाभाऊ, तुले इतलं कोनी इचारेल व्हतं?"

महिना भरायच्या आत कॅन्टीन बाहेरच्या केटररकडे गेलं. आबांना पोळ्यांच्या कामावर राहा म्हणाले होते. ते राहिले नाहीत. ज्योत्स्नाबेन राहिल्या. मला वर्षाअखेर वापीच्या ऑफिसात कागद लावायला बसवलं, आणि तिथूनच मी निवृत्त झालो. ज्योत्स्नाबेन अधूनमधून फोन करून हालहवाल कळवायच्या. नवीन लोक दर आठवड्याला फवारतात, डाळीलासुद्धा वास येतो, काळ्या एकही उरल्या नाहीत, झुरळं आहेत ती आहेतच, पण तपासणीच्या दिवशी कोणी बघत नाही आणि कोणी बोलत नाही. शेवटचं 'बोलत नाही' त्या जरा सावकाश म्हणायच्या.

मी पुष्कळदा विचार करतो. खोटं बोलून मी घरं मिळवली आणि खरं बोलून एका माणसाचं स्वयंपाकघर घालवलं. यातून काय शिकायचं? पूनमला विचारलं. ती म्हणाली, यातून एवढंच शिका की प्रश्न छोटा असेल तर उत्तर छोटं द्या. कदाचित बरोबर असेल. पण मग मॅडमना खरं कळायला नको होतं का? त्या अन्नाचीच तर काळजी करायला आल्या होत्या. आणि ती काळी तरी काय, जिथे झुरळ तिथेच येणार. ती असणं चांगलं म्हणावं की वाईट? मी इथपर्यंत येतो आणि माझा पाय पुन्हा झोपतो.

आबांनी सामरवरणीत खानावळ घातल्याचं ज्योत्स्नाबेननीच सांगितलं. आठ महिने मी तिकडे फिरकलो नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. मग त्यांचा फोन आला, "आबा विचारतात, भरीत खायचं सोडलं का पारोळ्याच्या माणसाने?" तेव्हा गेलो.

एका खोलीची खानावळ. सहा बाकं, नदीच्या बाजूला एक खिडकी. दुपारची वेळ, कंपन्यांतली पोरं जेवत होती. आबांनी मला बघितलं आणि ताट वाढलं. भरीत, कळण्याची भाकरी, कांदा. मी खाली मान घालून जेवायला लागलो.

शेजारच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "आबा, ही कसली माशी? शेपूट हलवतेय बघा."

मी वर बघितलं. खिडकीच्या काचेवर एक काळी. वर-खाली, वर-खाली.

आबा भाकरी घेऊन उभे होते. ते त्या पोराकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझ्या पोटात सगळं उसळून वर आलं: पिशवी, शिवण, अळी, गोल भोक. शब्द अगदी दातांपर्यंत आले. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर मावेल तेवढं भरीत घेतलं आणि तोंडात कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. मिरची तिखट होती.

आबा पोराला म्हणाले, "बसू दे तिले. कोनले काही करत नही ती."

पोरगा पुन्हा जेवायला लागला. मी घास चावत राहिलो.

दोन वाजता शेवटचं ताट उठलं. आबांनी दार ओढून घेतलं. माझ्यासमोर एक बॅटरी ठेवली, व्हॅसलिनची डबी ठेवली आणि घासूनपुसून लख्ख केलेली लोणच्याची रिकामी बरणी ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकत समोरच्या बाकावर बसले.

"आता बोल," म्हणाले.